घेतलेलं पुस्तक परत करायचं असतं

(मंडळाच्या वाचनालय निधीसाठी झालेल्या स्नेहभोजनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी वक्ता नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कॉम्प्युटरशी बोलतो, आणि तो ऐकतोच असंही नाही. तुम्ही निदान शांत बसला आहात, याबद्दल आधीच आभार! समितीच्या ताईंनी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रवास, वाचन, कृतज्ञता, काहीही बोल, पण वीस मिनिटांत आटप. मागे पोळ्या गरम होताहेत." तेव्हा वेळेचं भान ठेवून बोलतो.

आम्ही राहतो रेडिंगला. भारतातून कोणी नातेवाईक आले की गावाच्या पाटीवरचं स्पेलिंग वाचून हमखास म्हणतात, "अरे वा, रीडिंग! म्हणजे तुमच्या गावाचं नावच वाचन!" मी पूर्वी त्यांचा उच्चार सुधारत असे. आता सुधारत नाही. वाचनाच्या नावाच्या गावात राहतोय असं कुणाला वाटलं तर बिघडलं कुठे?

माझं लहानपण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलं. बाबा एसटीच्या डेपोत कारकून होते. त्यामुळे आमचा सगळा कौटुंबिक प्रवास एसटीच्या पासावर. वर्षातले जेवढे दिवस पास मिळायचा तेवढे दिवस आम्ही प्रवासी, बाकीचे दिवस गावकरी! मे महिन्यात आजोळ, दिवाळीत आत्याकडे, आणि एखाद्या वर्षी पंढरपूर किंवा कोल्हापूर. हॉटेलात राहणं हा प्रकार आमच्या घरात नव्हता. डब्यात धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि कापडी पिशवीत वाचनालयाची पुस्तकं. पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर, आणि आईची सक्त ताकीद, "चटणीचे हात पुसल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही."

आमच्या वाचनालयाचा नियम साधा होता. एका अनामतीवर एकावेळी एकच पुस्तक. पण सुट्टीच्या आदल्या दिवशी गेलो की ग्रंथपाल काका चष्म्यावरून बघायचे. "काय रे, गावाला चाललास? मग चार ने. पण चारच्या चार परत पाहिजेत." रजिस्टरमध्ये मात्र चारही पुस्तकं ते स्वतःच्या नावावर टाकायचे. त्याचा अर्थ मला कॉलेजात गेल्यावर कळला. एखादं पुस्तक हरवलं असतं, तर त्यांच्या तुटपुंज्या मानधनातून ते भरून द्यावं लागलं असतं. त्यांनी दहा-बारा वर्षांच्या मुलावर विश्वास टाकला होता, आणि त्याची जोखीम स्वतःच्या नावावर लिहून घेतली होती.

त्या चार पुस्तकांत एक फास्टर फेणे ठरलेला असायचा. घाट लागला की आई पुस्तक काढून घ्यायची, कारण घाटात वाचलं की मळमळतं. मग बाबा पुढची गोष्ट तोंडी सांगायचे. त्यांनी ती वाचलेली असायचीच असं नाही. घाट संपल्यावर मी पुस्तक उघडायचो तेव्हा भा. रा. भागवतांची गोष्ट वेगळ्याच दिशेने गेलेली असायची! पण त्यामुळे मला एका सुट्टीत दोन-दोन गोष्टी मिळाल्या. पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' बाबांनी असंच प्रवासात मोठ्याने वाचून दाखवलं. समोरच्या सीटवरचे अनोळखी लोकही मान वळवून ऐकायचे. बाबा स्वतः कधी परदेशी गेले नव्हते. २०१२ साली मी कंपनीच्या प्रोजेक्टवर हीथ्रोला उतरलो तेव्हा मला हे शहर परकं वाटलं नाही. लंडन मी आधी ऐकलं होतं, मग पाहिलं.

असो. हे सगळं आठवणींचा कढ काढण्यासाठी सांगत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. आपण 'कृतज्ञता' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आई-वडील, शिक्षक, फार तर पहिली नोकरी देणारा बॉस, एवढ्यांची नावं घेतो. पण वाचणाऱ्या माणसावर ज्यांचे उपकार असतात, त्यातले निम्मे लोक त्याला माहीतच नसतात. कोणीतरी कधीतरी एक कपाट विकत घेतलेलं असतं. कोणीतरी संध्याकाळी दार उघडून दिवा लावलेला असतो. त्यांचे आभार मानायचे कुठे जाऊन?

या प्रश्नाचं उत्तर मला मुलांबरोबर फिरताना थोडं थोडं सापडत गेलं. आम्हाला दोन मुलं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. दोघांचाही जन्म इथला. इथल्या सरकारी वाचनालयात लहान मुलांना फुकट कार्ड मिळतं हे तुम्हाला माहीत आहेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत 'समर रीडिंग चॅलेंज' असतं. १९९९ पासून हा उपक्रम चालू आहे. सहा पुस्तकं वाचा, प्रत्येक टप्प्याला स्टिकर, आणि शेवटी मेडल. आमच्या मुलीचं मेडल फ्रिजवर लटकलेलं आहे, माझ्या इंजिनिअरिंगच्या सर्टिफिकेटपेक्षा मानाच्या जागी!

या देशात १८५० साली सार्वजनिक वाचनालयांचा कायदा झाला. १९६४ च्या कायद्याने तर चांगली वाचनालय सेवा देणं हे कौन्सिलचं कर्तव्यच ठरवलं. तरीही २०१० नंतर काटकसरीच्या नावाखाली इथली शेकडो वाचनालयं बंद झाली, आणि कितीतरी ठिकाणी गावातले निवृत्त आजी-आजोबा स्वयंसेवक होऊन ती चालवताहेत. म्हणजे श्रीमंत देशातसुद्धा वाचनालय आपोआप टिकत नाही. कोणीतरी रोज ते टिकवावं लागतं.

मुलं जरा कळती झाल्यावर आम्ही लंडनमध्ये एक खेळ सुरू केला. आपल्याकडच्या वाचणाऱ्या माणसांच्या पाऊलखुणा शोधायच्या. पहिली भेट प्रिमरोज हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोडला. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतलं आणि तिथे त्यांचं स्मारक केलं. तुमच्यापैकी कोणी अजून गेलं नसेल तर मुलांना घेऊन जरूर जा. तिथून आम्ही ब्रिटिश म्युझियमला गेलो. तिथल्या घुमटाखालच्या गोल वाचनखोलीत बाबासाहेब अर्धपोटी राहून दिवसभर वाचत बसायचे. पुढे त्यांनी दादरला 'राजगृह' बांधलं तेही पुस्तकांना पुरेशी जागा मिळावी म्हणून.

मुलीने विचारलं, "बाबा, त्यांच्याकडे पैसे नव्हते तर ते इतक्या लांब आले कसे?" चांगला प्रश्न होता. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला आले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. सयाजीरावांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९०६ साली ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले असताना त्यांनी तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली. आपणही परदेशी जातो, फोटो काढतो, फ्रिजला लावायची मॅग्नेट घेतो आणि परत येतो. महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्याला आणलं! राज्यभर मोफत वाचनालयं उभी राहिली, आणि जिथे वाचनालय नव्हतं अशा खेड्यांमध्ये पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. एका माणसाच्या प्रवासातून हजारो लोकांना वाचन मिळालं.

दुसरी भेट होती ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या सेल्फ्रिजेसला. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही स्वतःहून दुकानात चला म्हणताय!" कारण असं, की १९२४ साली मद्रासचे एक गणिताचे प्राध्यापक ग्रंथपालनाचं शिक्षण घ्यायला लंडनला आले. त्यांचं नाव एस. आर. रंगनाथन. पुस्तकांचं वर्गीकरण कसं करावं हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. सेल्फ्रिजेसमध्ये त्यांनी मेकॅनो पाहिलं. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट, पण जोडणी बदलली की नवं खेळणं. पुस्तकाचा विषयसुद्धा असा सुट्या भागांतून जोडता येईल, हे त्यांना तिथे सुचलं, आणि त्यातून त्यांची 'कोलन' वर्गीकरण पद्धत जन्माला आली. आम्ही सॉफ्टवेअरवाले आज डेटाला टॅग लावतो आणि आपण काहीतरी नवीन केलं असं समजतो. रंगनाथनांनी हे शंभर वर्षांपूर्वी खेळण्याच्या दुकानात पाहून ठेवलं होतं!

१९३१ मध्ये रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. ते इतके सोपे आहेत की माझ्या मुलालाही पाठ आहेत. पुस्तकं वापरण्यासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि वाचनालय ही वाढत जाणारी गोष्ट आहे. हे नियम लक्षात ठेवा, शेवटी ते आपल्याला लागणार आहेत.

मग एका लाँग वीकएंडला गाडी काढली आणि एम-फोरवरून पश्चिमेला निघालो. वेल्सच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी, हे-ऑन-वाय नावाचं चिमुकलं गाव आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. एकाची अनेक झाली. १ एप्रिल १९७७ ला या वल्लीने गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून स्वतःला राजा घोषित केलं! लोक हसले, पण गाव जगाच्या नकाशावर आलं. १९८८ पासून तिथे मोठा साहित्य महोत्सव भरतो. मला सगळ्यात आवडलं ते किल्ल्याच्या आवारातलं उघड्यावरचं दुकान. भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं, आणि दुकानदार कोणी नाही. पुस्तक घ्या, पैसे पेटीत टाका. मुलगा दोनदा मागे वळून बघत होता, कोणी लपून तर बसलं नाहीये ना! मला मात्र आमच्या ग्रंथपाल काकांचं ते रजिस्टर आठवलं. विश्वासावर चालणारा व्यवहार दोन्हीकडे सारखाच.

आणि मग डिसेंबरच्या सुट्टीत भारतात गेलो तेव्हा पसरणीचा घाट चढून, पाचगणीच्या पुढे, भिलारला गेलो. स्ट्रॉबेरीसाठी हे गाव आधीपासून प्रसिद्ध होतंच. हे-ऑन-वायची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून महाराष्ट्र शासनाने ४ मे २०१७ ला तिथे 'पुस्तकांचं गाव' सुरू केलं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं होती. पण हे आणि भिलारमध्ये एक मोठा फरक आहे. हे हा बाजार आहे, चांगला बाजार, पण बाजारच. भिलारमध्ये पुस्तकं विकायला नाहीत. लोकांनी आपापल्या घरातली खोली, ओसरी उघडून दिलेली आहे. या घरात कथा, त्या घरात कविता, पलीकडे बालसाहित्य. आत जा, बसा, वाचा. पैसे नाहीत.

बालसाहित्याच्या एका घरात आम्ही बसलो. मुलीने एक पातळसं पुस्तक उचललं. तिला बाराखडी येते, आपल्या मंडळाच्या रविवारच्या शाळेची कृपा! पण जोडाक्षर आलं की गाडी घाटात अडकल्यासारखी थांबते. ती मोठ्याने वाचत होती, अडखळत होती, आणि मी सवयीने शब्द पुरवायला तोंड उघडणार, तेवढ्यात घरच्या काकू हातातलं काम बाजूला ठेवून शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "वाच की गं बाळ. घाई कुणाला हाय?" आणि त्या खरंच बसून राहिल्या. पंधरा-वीस मिनिटं. पोरगी 'चमत्कार' शब्दावर तीनदा थांबली आणि चौथ्यांदा पार झाली. जाताना काकूंनी ओंजळभर स्ट्रॉबेरी दिल्या आणि पैसे विचारले तर रागावल्या. गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना मी थँक-यू कार्ड पाठवू? मराठीत?" ते कार्ड तिने लिहिलं. तीन ओळी, चार चुका, आणि वर टपाल खात्याच्या हवाली.

आपल्याकडे माणूस जन्माला येतो तो ऋणं घेऊन, असं म्हणतात. देवऋण, पितृऋण, ऋषिऋण. त्यातलं ऋषिऋण म्हणजे ज्ञानाचं कर्ज. ते ऋषींना परत देता येत नाही, ते केव्हाच गेले. ते फिटतं शिकून आणि पुढच्याला शिकवून. मला वाटतं, वाचनालयाचं पुस्तकही असंच आहे. आपण ते परत करतो ते लेखकाला नाही. परत करतो ते आपल्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी, ज्याला आपण ओळखतही नाही. आमचे ग्रंथपाल काका आता नाहीत. त्यांना मी काय परत देणार? पण त्यांच्या टेबलापुढे आजही कोणीतरी मूल उभं असेल, एवढं मात्र मी बघू शकतो.

गेल्या खेपेला मी गावी त्या वाचनालयात गेलो. माझ्या लहानपणी तिथे पेपर वाचणारे आजोबा असायचे. आता सकाळपासून स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली बसलेली असतात. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं, टीव्ही चालू, अभ्यासाला जागा कुठे? एक मुलगी रोज जवळच्या वाडीतून एसटीने येते. ती म्हणाली, "सर, पुस्तकं मोबाईलवर मिळतात. पण शांत जागा मोबाईलवर मिळत नाही." आपल्यातले काही मित्र विचारतात, "किंडलच्या जमान्यात वाचनालय कशाला?" त्यांना मी या मुलीचं उत्तर देतो. त्यात मला सुधारण्यासारखं काही दिसत नाही.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत आणि दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं. खालच्या दर्जाच्या वाचनालयाचं अनुदान इतकं बेताचं असतं, की पुस्तकं घ्यावीत, लाईटचं बिल भरावं की ग्रंथपालाला मानधन द्यावं, असा प्रश्न पडतो. मग वाचनालय दिवसातून दोन-तीन तासच उघडतं. आणि बंद दाराआडची पुस्तकं वाळवीच तेवढी वाचते!

म्हणून आजच्या निधीबद्दल तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. कृपा करून घरातली जुनी पुस्तकं बॅगेत भरून देऊ नका. भावना चांगली आहे, पण इथून पाठवण्याचा खर्च पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि आपल्याला नको असलेलं पुस्तक तिथल्या मुलाला हवं असेलच असं नाही. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हा रंगनाथनांचा नियम आठवा. यादी तिथले शिक्षक आणि वाचक करतील, खरेदी पुण्यात होईल. आपण पैसे द्यायचे.

दुसरी. नुसत्या पुस्तकांसाठी देणगी देऊ नका, दार उघडणाऱ्या माणसासाठी द्या. देणाऱ्याला कपाटावर नाव घालता येतं, मानधनावर घालता येत नाही, म्हणून मानधनाला पैसे कमी मिळतात. पण संध्याकाळी चार तास जास्त दिवा लागला तर त्या वाडीतल्या मुलीसारख्या कितीतरी जणी तिथे बसू शकतील.

तिसरी, अगदी व्यवहाराची. तुम्ही इथे टॅक्स भरत असाल तर टेबलावरच्या गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही करा. तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकार आणखी २५ पेन्स घालतं, तुम्हाला एक पेनीही जास्त पडत नाही. आणि भारतातल्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते, म्हणून आपले पैसे अशी नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच जातील. हिशोब पुढच्या गुढीपाडव्याच्या अंकात छापून येईल. इंजिनिअर माणूस आहे, आकडा जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही.

सयाजीरावांसारखं राज्य आपल्याकडे नाही, आणि रिचर्ड बूथसारखं स्वतःला राजा म्हणवण्याची हिंमतही नाही. पण आपण सगळे प्रवासी आहोत, आणि आपल्यातल्या प्रत्येकाच्या नावावर कुठल्या ना कुठल्या वाचनालयाचं एखादं पुस्तक निघतंच. ते आज परत करून टाकूया. रांगेत पुढचा वाचक उभा आहे.

पोळ्या गरम आहेत, फॉर्म टेबलावर आहेत, पेन मी देतो.